तान्ह्या बाळाला सुरक्षित कसं झोपवायचं आणि सिड्सचा धोका कशाने कमी होतो

बाळ घरी आलं त्याच्या तिसऱ्या रात्री मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून त्याचे श्वास मोजत बसले होते. अंधारात, पाळण्याच्या कठड्यावर हनुवटी टेकवून. भराभर श्वास, पोट वरखाली, आणि मग एकदम काहीच नाही. पाच सेकंद, सहा, सात... आठव्याला मी हात पुढे केला आणि तेवढ्यात त्याने एक लांब श्वास घेतला, ओठ चोखल्यासारखे हलवले आणि गाडी परत सुरू. त्याची सुरू झाली, माझी मात्र अडकली. पुढचे दोन महिने मी बाळाची झोप आणि सिड्स, म्हणजे बाळाचं झोपेत अचानक, कारण न सापडता जाणं, या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून पिडलं, आणि जे कळलं ते इथे नीट मांडतेय. मी डॉक्टर नाहीये, पण यातलं प्रत्येक काम मी रात्री तीन वाजता डोळे मिटत असताना केलंय, त्यामुळे कुठे चूक होते ते माहितीये.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. आपण सगळे बाळ गाढ कसं झोपेल याच्या मागे असतो. पण पहिल्या सहा महिन्यांत बाळाला मधूनमधून सहज जाग येणं हेच त्याचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

आधी बाळाची झोप चालते कशी ते बघू

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, फक्त तुकड्या तुकड्याने. या झोपेचे ढोबळ दोन प्रकार. एक सक्रिय झोप, यात पापण्यांच्या आत डोळे फिरतात, बाळ हसतं, कण्हतं, हातपाय झटकतं, तोंड वेडंवाकडं करतं आणि श्वासाला काही ताल नसतो. दुसरी शांत झोप, यात चेहरा स्थिर, हात सैल आणि श्वास एकसारखा. मोठ्या माणसांच्या झोपेत पहिला प्रकार पाव भागाच्या आसपास असतो, नवजात बाळात जवळजवळ निम्मा. आपलं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, बाळाचं ५० ते ६० मिनिटांचं. आणि बाळ झोपेत शिरतं तेच सक्रिय झोपेतून, म्हणून तर मांडीवर झोपलेलं बाळ खाली ठेवलं की पटकन डोळे उघडतं आणि आपण म्हणतो, याला गादी टोचते वाटतं! जरा थांबा, हात उचलून सोडल्यावर लुळा पडतोय का बघा, म्हणजे ते शांत झोपेत गेलेलं असतं, मग ठेवा.

दिवसरात्रीचं घड्याळ जन्मतः नसतं. मेलाटोनिनचा, म्हणजे झोपेच्या हार्मोनचा, रात्रीचा ताल बसायलाच दोनेक महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात, त्यामुळे पाच आठवड्यांचं बाळ रात्रभर जागवतंय म्हणून स्वतःला दोष देऊ नका आणि कुणी सांगितलं म्हणून त्याला 'ट्रेन' करायलाही जाऊ नका.

आता श्वास. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं. मधेच ५ ते १० सेकंद थांबून परत सुरू होणं, तेही लागोपाठ दोनतीनदा, हे नॉर्मल आहे, मी त्या रात्री पाहिलं ते हेच. नॉर्मल नाही ते असं की थांबणं २० सेकंदांच्या वर गेलं, किंवा थांबणं छोटंच होतं पण सोबत ओठ, जीभ निळसर पडली, बाळ पांढरं पडलं, अंग ढिलं पडलं. हे एकदा झालं तरी लगेच डॉक्टर, 'उद्या बघू' नाही. नुसते तळहात तळपाय निळसर दिसणं पहिल्या दिवसांत चालतं, ओठ आणि जीभ हे खरं बघायचं.

सिड्स म्हणजे काय, काय नाही

एक वर्षाच्या आतलं बाळ, बहुतेक वेळा झोपेत, अचानक जातं आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजारपणाचा इतिहास सगळं तपासूनही कारण सापडत नाही, त्याला सिड्स म्हणतात. हे नाव १९६९ साली ठरलं. म्हणजे हा एखादा आजार सापडलाय असं नाही, सगळी कारणं खोडल्यावर जे उरतं त्याला दिलेलं नाव आहे. श्वास अडकून गुदमरणं हे वेगळं, पण दोन्ही गोष्टी घडतात त्याच अंथरुणात आणि त्याच परिस्थितीत, म्हणून बचावाचे उपाय एकच.

वय सगळ्यात महत्त्वाचं. सर्वाधिक धोका २ ते ४ महिन्यांत, आणि सुमारे ९० टक्के घटना सहा महिन्यांच्या आतल्या. मुलींपेक्षा मुलांमध्ये थोडं जास्त. पहिल्या महिन्यात तुलनेने कमी, ही गंमत बघा, म्हणजे आपण जेव्हा सगळ्यात घाबरलेले असतो तेव्हा नाही, तर 'आता जमलं बुवा' म्हणून जरा सैल पडतो तेव्हा.

का होतं? १९९४ साली फिलियानो आणि हॅना किनी या संशोधकांनी तीन गोष्टींचं मॉडेल मांडलं आणि अजूनही समजवायला तेच वापरतात. बाळात आतून काहीतरी नाजूकपणा असतो, वय नेमकं त्या धोक्याच्या टप्प्यातलं असतं, आणि बाहेरून एखादा ताण येतो. तिन्ही एकाच वेळी जुळून आलं तर. बोस्टनमधल्या किनींच्या टीमला अशा बऱ्याच बाळांच्या मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, सेरोटोनिनच्या, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाच्या, यंत्रणेत बिघाड दिसला. श्वास, हृदयाचे ठोके, अंगाचं तापमान आणि झोपेतून जाग येणं, हे सगळं सांभाळणारा भाग तोच.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते डोळ्यासमोर आणा. बाळ पालथं झोपलंय, नाक मऊ गादीत. सोडलेला श्वास तिथेच खळग्यात साठतो आणि परत आत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, ऑक्सिजन कमी होत जातो. नेहमीचं बाळ काय करेल? आधी एक उसासा, मग दचकणं, मग मान वळवून रडणं. पायऱ्या ठरलेल्या आहेत. ज्याची ही साखळी कुठेतरी तुटते ते बाळ तसंच पडून राहतं, अगदी शेवटी धापा टाकून श्वास परत सुरू करण्याची जी सोय असते तीही काम करत नाही. शांत झोपेत जाग येणं तसंही अवघड, आणि पालथं झोपवलं, अंग तापलं किंवा पोटात असताना सिगरेटचा धूर मिळाला की जाग येण्याचा उंबरठा आणखी वर सरकतो. म्हणून म्हटलं, गाढ झोपेचं कौतुक जरा जपून.

आतला नाजूकपणा आपल्याला दिसत नाही, त्याची घरी करता येईल अशी टेस्टही नाही. २०२२ साली सिडनीच्या संशोधक कार्मेल हॅरिंग्टन यांच्या एका अभ्यासानंतर 'सिड्सचं कारण सापडलं' असे मेसेज सगळीकडे फिरले होते, एका एन्झाइमचं प्रमाण कमी दिसलं होतं हे खरं, पण त्यात सिड्सची बाळं होती फक्त २६. आशा ठेवायला हरकत नाही, पण कारण सापडलंय म्हणून निर्धास्त व्हायचं तर तसं काही झालेलं नाही. वय आपण बदलू शकत नाही. राहता राहिला बाहेरचा ताण, आणि तो बऱ्यापैकी आपल्या हातात आहे.

पायरी १: पाठीवर, दर वेळी

बाळाला उताणं झोपवायचं. रात्री, दुपारी, पाच मिनिटांच्या डुलकीलासुद्धा.

हे आज साधं वाटतं पण एक काळ असा होता की डॉक्टर मंडळीच पालथं झोपवायला सांगायची, त्यावेळच्या लोकप्रिय पुस्तकांतही तेच. १९८० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या अभ्यासांनी चित्र उलटं केलं. ब्रिटनमध्ये १९९१ साली पाठीवर झोपवायची मोहीम निघाली, तिच्या मागे अ‍ॅन डायमंड या टीव्ही निवेदिका होत्या, त्यांचं स्वतःचं बाळ त्याच वर्षी गेलं होतं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. १९९० साली तिथे दर १ लाख जन्मांमागे सुमारे १३० बाळं सिड्सने जात होती, दहा वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला. औषध नाही, मशीन नाही, फक्त पालथं बाळ उताणं करून ठेवलं! (नंतरच्या काळातली थोडी घट ही नोंदी करण्याची पद्धत बदलल्यामुळेही आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.) आणि चटका लावणारी गोष्ट म्हणजे २००५ साली रूथ गिल्बर्ट या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून दाखवलं की पालथं झोपवणं घातक आहे हे १९७० पर्यंतच्या माहितीवरूनच कळू शकलं असतं.

कुशीवर चालेल का, हा पुढचा प्रश्न. नाही. १९९२ च्या सल्ल्यात पाठीवर किंवा कुशीवर असं होतं, नंतर कुशीवर काढून टाकलं, कारण कुशीवरचं बाळ अर्ध्या वाटेवर असतं, तिथून पालथं पडायला वेळ लागत नाही. गुंडाळ्या करून टेकू देणं हा तर त्याहून वाईट उपाय, ती गुंडाळीच नाकाशी येते.

'पण दूध काढलं तर अडकेल ना घशात!' हे प्रत्येक घरातली आजी विचारते आणि प्रश्न रास्तच वाटतो. उत्तर शरीररचनेत आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खाली, म्हणजे अन्ननलिकेतच राहतं, वर चढून श्वासनलिकेत जायला त्याला उतार नसतो. पालथं केलं की नेमकं उलट, श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी जमतं. शिवाय बाळाला खोकून, गिळून ते बाजूला करायचं रिफ्लेक्स असतंच. मी आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, वहीच्या मागच्या पानावर दोन नळ्या काढून दाखवल्या, एकदा वही सरळ धरून आणि एकदा उलटी धरून. त्या दिवसानंतर पाहुण्यांना त्याच समजावून सांगायला लागल्या. रिफ्लक्स, म्हणजे दूध सारखं वर येण्याचा त्रास असलेल्या बाळांनाही पाठीवरच, अगदी मोजक्या आजारांत डॉक्टर स्वतः वेगळं सांगतील तेवढा अपवाद.

एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहून आलेल्या बाळांच्या आईबाबांसाठी खास सूचना. तिथे तुम्ही बाळाला पालथं ठेवलेलं पाहिलं असेल, पण तिथे चोवीस तास मॉनिटर आणि नर्स असते. घरी आल्यावर तसं नाही. आणि लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना सिड्सचा धोका उलट जास्त असतो.

सगळ्यात धोक्याचा प्रकार कोणता माहितीये? रोज पाठीवर झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी कुणीतरी पालथं झोपवणं. सवय नसलेलं बाळ तोंड खाली गेल्यावर मान वळवून सोडवून घ्यायला शिकलेलंच नसतं, त्याचा धोका रोज पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त निघालाय. म्हणून पाळणाघरातल्या ताई, आत्या, मामा, 'मी बघते गं तासभर' म्हणणारी मैत्रीण, जो कुणी बाळाला झोपवणार त्याला हे सांगायचं. वाईटपणा येतो, येऊ दे.

पायरी २: गादी कडक आणि सपाट

हाताने तपासा. तळहात गादीवर दाबून उचला, खड्डा राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. बाळाच्या डोक्याने खळगा पडता कामा नये. गादी पाळण्याच्या मापाची, कडेला दोन बोटं जातील इतकीही फट नको, चादर घट्ट खोचलेली. मेमरी फोम, पाण्याची गादी, मोठ्यांची मऊ गादी, रजईची घडी, सगळं बाद. कडक गादीवर बाळाला टोचतं बिचतं काही नाही, ते आपल्याला वाटतं.

सपाट म्हणजे खरंच सपाट. तिरक्या बेडवर बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच स्ट्रॉएवढी असलेली श्वासाची वाट दबते. शिवाय उतारावर बाळ लवकर उलटतं. १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची साधनं अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने विकायला बंद केली. सर्दी झाली म्हणून गादीखाली उशी सारून डोकं वर करायची आयडिया पण सोडा.

पायरी ३: पाळणा रिकामा करा

उशी नको, सॉफ्ट टॉय नको, कडेचे गुबगुबीत बंपर नकोत (ते अमेरिकेत त्याच कायद्याने बंद झाले), सैल पांघरूण नको, बारशाला आलेली ती गोड मऊ ससुल्याची गोधडी तर अजिबात नको, फोटो काढा आणि कपाटात ठेवा. थंडी असेल तर अंगात घालायची स्लीपिंग सॅक वापरा, बाळाच्या मापाची, गळ्याशी सैल नसलेली. वजन भरलेल्या सॅक आणि वजनदार दुपटी 'बाळ गाढ झोपतं' म्हणून विकतात ना, त्या नकोच, कारण वर सांगितलंच.

डोकं चपटं होईल म्हणून उशी लागते हा गैरसमज. त्यावर इलाज दिवसा जागेपणी पोटावर ठेवणं, तो पुढे येतोच.

पायरी ४: खोली एक, अंथरूण वेगळं

निदान पहिले सहा महिने बाळ आईबाबांच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या पाळण्यात. जवळ असल्याने आपल्याला चाहूल लागते, पाजायला सोपं जातं, आणि आपल्या हालचालींनी बाळाचीही झोप हलकी राहते, तीच हवीये.

एकाच बेडवर झोपण्याबद्दल तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकन अकॅडमी म्हणते नकोच, ब्रिटनमध्ये मात्र आईबाबांशी मोकळेपणाने बोलून त्यातल्या त्यात सुरक्षित कसं करायचं ते सांगतात. पण पुढच्या गोष्टींवर दोन्हीकडे एकमत आहे, की बेडवर नाही म्हणजे नाही जर: दोघांपैकी कुणी सिगरेट ओढत असेल, दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, बाळ लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका आणखी जास्त.

आणि सोफा. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. आमच्या घरी सहाव्या आठवड्यात काय झालं सांगते. रात्रीचे साडेतीन, मी दोन तास तरी झोपावं म्हणून नवरा बाळाला घेऊन हॉलमध्ये गेला, सोफ्यावर रेलून छातीवर बाळ, टीव्ही म्यूट. मला का कोण जाणे जाग आली, बाहेर येऊन बघते तर हा गाढ झोपलेला आणि बाळ छातीवरून घसरून त्याचा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या बेचक्यात, तोंड कापडाकडे. नाकाशी बोट धरलं तर श्वास गरम लागला, बाळ ठीक होतं. नवऱ्याला उठवलं तर म्हणतो, मी जागाच होतो की! सोफा, आरामखुर्ची, बीनबॅग इथे मोठ्या माणसासोबत झोपलेल्या बाळाचा धोका बेडपेक्षाही कितीतरी पटींनी जास्त असतो, कारण त्या बेचक्यांतून बाळाला सुटता येत नाही.

म्हणून रात्री पाजताना डोळा लागणारच असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा बेडवर बसून पाजा, आधीच उशा आणि पांघरुणं दूर सारून, आणि जाग आली की त्या क्षणी बाळाला पाळण्यात ठेवा. मी मोबाईलवर दर पाजण्याला २० मिनिटांचा व्हायब्रेट अलार्म लावायचे. वेडेपणा वाटेल, पण त्याने मला चारपाच वेळा तरी उठवलंय.

पायरी ५: अंग तापू देऊ नका

बाळाला थंडी वाजेल ही भीती आपल्याकडे जबर, त्यामुळे थरावर थर चढतात. हिशोब साधा, त्या खोलीत आपल्याला जेवढ्या कपड्यांत बरं वाटतं तेवढेच बाळाला, फार तर एक थर जास्त. तपासायचं ते मानेमागे किंवा छातीवर बोटं ठेवून. हातपाय गार असतातच, त्यावरून काही ठरवू नका. मान घामेजलेली, चेहरा लाल, श्वास भरभर, तर एक थर काढा. घरात झोपवताना टोपी काढायची, बाळ जास्तीची उष्णता डोक्यातून आणि चेहऱ्यातून टाकतं, शिवाय टोपी घसरून नाकावर येते. खोली हवेशीर ठेवा. थंड देशांत १६ ते २० डिग्री सांगतात, जिथे हवाच गरम आहे तिथे त्या आकड्याच्या मागे न लागता कपडे कमी करा.

दुपट्यात गुंडाळत असाल तर पाठीवरच, छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल, कमरेखाली पाय बेडकासारखे हलतील असं. आणि कूस वळायचा पहिला प्रयत्न दिसला, साधारण ३ ते ४ महिन्यांत, की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. गुंडाळलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला हात नाहीत सोडवायला.

पायरी ६: धूर

गरोदरपणात दिवसाला एक सिगरेटसुद्धा धोका साधारण दुप्पट करते. जन्मानंतर घरातल्या कुणाचाही धूर तसाच, आणि गॅलरीत जाऊन ओढली तरी कपड्यांवर घेऊन येतातच. यावर चर्चा नाही.

पायरी ७: अंगावरचं दूध, चोखणी, लसी

किमान दोन महिने अंगावर पाजलं, सोबत वरचं दूध असलं तरी, सिड्सचा धोका जवळजवळ निम्मा दिसतो. ज्यांना जमलं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, बाकीच्या पायऱ्या आहेतच.

झोपताना पॅसिफायर, म्हणजे चोखणी दिल्यानेही धोका कमी होतो, हे मला आधी पटेचना. नेमकं कसं होतं त्यावर वेगवेगळे अंदाज आहेत, एक असा की झोप जरा हलकी राहते. अंगावर पिणं नीट बसल्यावर सुरू करा, झोपेत तोंडातून पडला तर परत खुपसायचा नाही, आणि दोरी किंवा क्लिप लावलेला पाळण्यात द्यायचा नाही. बाळाला नको असेल तर राहू द्या.

लसींबद्दल जी भीती पसरवतात तिचं मूळ असं की दोन ते चार महिन्यांत लसीही असतात आणि सिड्सचं वयही तेच, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. अभ्यासांत लस घेतलेल्या बाळांत सिड्स कमीच आढळलंय.

पायरी ८: कार सीट, झोके आणि गॅजेट

कार सीट गाडीत असताना उत्तम. पोचल्यावर 'झोपलंय, राहू दे तसंच' म्हणून सीटसकट घरात आणून ठेवू नका, उचलून सपाट जागी ठेवा, उठलं तर उठलं. स्विंग, बाउन्सर, स्ट्रोलर यांनाही हेच. अंगावर बांधायच्या कॅरियरमध्ये बाळाचं नाक आणि तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटलेली.

श्वास आणि ऑक्सिजन मोजणारे मोजे, चटया यांचं म्हणाल तर घरगुती मॉनिटरने सिड्स कमी होतं असं कुठे दिसलेलं नाही. माझ्या एका मैत्रिणीने घेतला होता, तो रात्री तीनदा उगाच वाजायचा आणि हिची धडधड व्हायची. बरं, उलटा तोटा असा की मशीन आहे म्हणून माणूस बाकीच्या गोष्टींत ढिला पडतो. डॉक्टरांनी खास आजारासाठी दिला असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ९: जागेपणी पोटावर

पहिल्या दिवसापासून, बाळ जागं आणि कुणीतरी समोर बसलेलं असताना, दिवसातून दोनतीनदा एकदोन मिनिटं पोटावर ठेवा. वाढवत वाढवत सात आठवड्यांपर्यंत दिवसाला एकूण १५ ते ३० मिनिटं. मान आणि खांदे तयार होतात आणि डोकं चपटं होत नाही. पाळण्यात डोक्याची बाजूही रोज बदला, म्हणजे सारखं एकाच दिशेला बघत पडत नाही. सुरुवातीला रडतं, आपल्या छातीवर पालथं घेतलं तरी मोजा, फक्त आपण जागे हवं.

काही झालंच तर

बाळ निळं, ढिलं, हाक मारून तळपायाला टिचक्या मारूनही हालचाल नाही, श्वास नाही. हलवून हलवून जागं करायला जाऊ नका. फोन स्पीकरवर टाकून इमर्जन्सी नंबर लावा आणि बाळाला कडक सपाट जागेवर पाठीवर ठेवून सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश म्हणजे साधारण ४ सेंटीमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. ३० वेळा दाबून २ छोटे श्वास, आपल्या तोंडात बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही घेऊन, छाती उचलेल इतकाच फुंकर. मदत येईपर्यंत चालू. हे वाचून येत नाही, बाळ यायच्या आधी दोघांनी मिळून बाहुलीवर शिकवणारा वर्ग करा, दोनतीन तासांचं काम आहे.

बाळ मिनिटभरात आपोआप ठीक झालं तरीही त्याच दिवशी दाखवा. किती वेळ चाललं, रंग काय होता, झोपेत होतं की दूध पिताना, अंग ताठ होतं की सैल, एवढं लगेच लिहून ठेवा, डॉक्टर हेच विचारणार आणि घाबरल्यावर आपल्याला काही आठवत नाही. तसंच बाळ शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० च्या वर, बरगड्यांखाली खड्डे पडतायत, पिणं बंद केलंय, तर थांबू नका.

मग हे सगळं किती दिवस?

पाठीवर ठेवणं आणि रिकामा पाळणा हे वर्षभर. पण चारपाच महिन्यांत बाळ स्वतःहून उलटायला लागतं आणि सगळ्या आया तिथेच गडबडतात. मी तर रात्री सातआठ वेळा उठून त्याला उताणं करायचे, मी पाठ फिरवली की हा परत पालथा. शेवटी डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर, दोन्हीकडे आपलं आपण वळता येतं ना? मग झोपवताना पाठीवर ठेवा आणि नंतर ते जसं झोपेल तसं झोपू द्या. फक्त आजूबाजूला काही मऊ नको. त्या रात्री मी दोनदाच उठले.